हंसपद

(बी. ए. तृतीय वर्ष, मराठी)

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या आज्ञावलीवर लेख लिहावा, हे पाहून माझ्या मैत्रिणींच्या भुवया वर जातील याची मला कल्पना आहे. ‘तू? आणि प्रोग्रॅम?’ हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला आहे की, त्याचे उत्तर मी आता पाठच करून ठेवले आहे. मला संगणकाची आवड नव्हती. आजही फारशी नाही. मला माझ्या आजोबांची हरवलेली एक ओळ शोधायची होती. त्या ओळीच्या मागे मी कुठे कुठे हिंडले, त्याची ही हकीकत.

आमचे आबाजी कंपोझिटर. वयाच्या अठराव्या वर्षी महालातल्या एका छापखान्यात ते खिळे जुळवायला लागले. डाव्या हातात स्टिक, उजवा हात केसवर आणि डोळे समोरच्या कॉपीवर. देवनागरीची केस म्हणजे इंग्रजीसारखा सव्वीस अक्षरांचा आटोपशीर संसार नव्हे. अक्षरे, जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, रफार... सगळ्यांची मिळून शेकडो घरे, आणि कोणत्या घरात कोण राहतो हे डोळ्यांना नव्हे, बोटांना पाठ! खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. त्यामुळे आरशातला मजकूर आबाजी आपल्यासारखाच सरळ वाचत. ‘वाचत’ असे लिहावे लागते आहे, कारण गेल्या तीन वर्षांत काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ नेली. आता बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर बसून ते ऐकतात. वर्तमानपत्र मी वाचून दाखवते, आणि मी एखादा शब्द गाळला की त्यांना तो बरोबर कळतो.

त्यांचे हे शब्द पकडणे उगीच नाही. १९७२ च्या मार्च महिन्यात त्यांच्या हातून एक ओळ गळाली होती.

त्या छापखान्यात एक छोटे वाङ्मयीन मासिक छापले जाई. त्या अंकात एका नवोदित कवीचे सुनीत होते. सुनीत म्हणजे चौदा ओळी, हे इथे सांगायला नकोच. अंक छापून, बांधून, टपालात पडला आणि मग कुणाच्या तरी लक्षात आले की, कवितेच्या तेराच ओळी आहेत. कवी स्वतः छापखान्यात आले. ओरडले नाहीत, भांडले नाहीत. नुसते अंक हातात धरून उभे राहिले. आबाजी म्हणतात, “शिव्या घातल्या असत्या त बरं झालं असतं.” दुसऱ्या दिवशी मालकांनी आबाजींचा हिशेब करून दिला. पुढे आबाजींना दुसरा छापखाना मिळाला, संसार झाला, मुले शिकली. पण ते मासिक त्यांनी पुन्हा कधी हातात धरले नाही.

“चौदा जुळवल्या होत्या मी. प्रूफात चौदा होत्या. फर्मा कसताना निसटली असंल. पण निसटली त माझ्याच हातून निसटली ना!” हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. विलक्षण गोष्ट अशी की, त्या कवितेच्या तेरा ओळी आबाजींना आजही मुखोद्गत आहेत. आठवत नाही ती फक्त दहावी. त्या कवींचा संग्रह कधी निघाला नाही. म्हणजे ती ओळ कागदावर कुठेच उरली नाही. “माणसाची एक ओळ माह्यापायी जगातून गेली,” असे ते म्हणतात. आम्हांला सुरुवातीला हे ऐकून हसू येई. मराठी घेतल्यावर हसू येईनासे झाले.

गेल्या हिवाळ्यात ग्रंथालयात बसले असताना मला समजले की, त्या मासिकाचे जुने अंक एका संस्थेने पूर्वीच स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले आहेत. मी घरी येऊन आबाजींना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुढच्या एखाद्या अंकात कविता पुन्हा छापली काय, ते पाह्यशील?”

मी पाहिले. प्रत्येक अंकाचे एक अनुक्रमणिकेचे पान होते, आणि अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक शीर्षकावर बोट दाबले की त्या लेखाचे छायाचित्र उघडे. एप्रिल १९७२ पासून पुढची चार वर्षे मी डोळ्यांनी चाळली. त्या कवींचे नाव पुन्हा आले नाही. “नसंलच,” आबाजी म्हणाले. पण त्याच पानावर वर एक सूचना होती: हे संकेतस्थळ ३१ मार्चपासून बंद होत आहे. आबाजींनी तरुणपणी जुळवलेली शेकडो पाने त्या दिवशी दिसेनाशी होणार होती. मी ठरवले की, ओळ नाही तर नाही, निदान ते अंक उतरवून घ्यावेत आणि रोज एकेक लेख आबाजींना वाचून दाखवावा.

अकरा वर्षांचे अंक. एकेक दुवा उघडायचा, छायाचित्र उतरवायचे, नाव द्यायचे. दोन संध्याकाळी खर्च करून माझे जेमतेम चार अंक झाले. शेजारी इंजिनिअरिंगला असलेला दादा राहतो. त्याने माझ्याकडे करुणेने पाहिले आणि म्हटले, “अगं, पानाच्या पोटात सगळे पत्ते लिहिलेलेच असतात. ते काढून घे.” आणि त्याने एक कळ दाबून पानाचे पोट उघडून दाखवले.

ते दृश्य पाहून मी घाबरले. कोनी कंसांचे नुसते रान! त्या रानात मधूनच ओळखीची मराठी नावे. रोमन लिपीतले ते देवनागरीत लिहायचे तर एकेक दुवा असा होता:

<ए एचरेफ="१९७२/मार्च-३७.एचटीएमएल">सुनीत</ए>

‘ए’ म्हणजे अँकर, जहाजाचा नांगर. विदर्भातल्या मुलीला नांगर म्हटला की शेतच दिसते, समुद्र नाही. पण मराठीने दोन्हींना एकच शब्द दिला आहे, त्याअर्थी दोन्हींचे काम कुठेतरी रुतून राहण्याचेच असावे. ‘एचरेफ’ म्हणजे संदर्भ, जिथे जायचे तो पत्ता. दोन कंसांच्या मधले ‘सुनीत’ हे वाचकाला दिसणारे नाव. पत्ता पोटात, नाव ओठात!

मी आबाजींना हे वाचून दाखवले: इथे शीर्षक सुरू, इथे शीर्षक संपले, इथून ठळक, इथे ठळक बंद, इथे नवा परिच्छेद. त्यांनी मान डोलावली. “हे त मार्किंग हाय. कॉपीवर संपादक लाल शाईनं लिहून द्यायचे : हे बारा पॉइंट घे, हे मधोमध घे, हे काळं घे. ते छापायचं नसते, पाळायचं असते.”

पुढे वाचनात आले ते असे की, आबाजींचे म्हणणे शब्दशः खरे होते. ‘मार्कअप’ हा शब्द छापखान्यातूनच संगणकात गेला. हस्तलिखितावर जुळाऱ्यासाठी करायच्या खुणा ती मार्कअप. १९६९ च्या सुमारास आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा खुणांची एक भाषा तयार केली. १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी एकमेकांना जोडलेल्या पानांच्या जाळ्याची योजना मांडली. तिच्यासाठी जी एचटीएमएल भाषा घडली ती त्याच कुळातली. म्हणजे मी जिला परकी समजत होते, ती विद्या आमच्याच घरची निघाली.

आता प्रत्यक्ष काढणी. दादाने सांगितलेली पहिली युक्ती अशी होती: संगणकाला एक साचा द्यायचा. ‘एचरेफ’ हे अक्षर दिसले, पुढे बरोबरचे चिन्ह, पुढे दुहेरी अवतरण, की पुढचे अवतरण येईपर्यंत जे असेल ते उचल. पायथन या भाषेत हे दोनचार ओळींचे काम. साच्यांच्या या लिपीत ^ अशी खूण ‘ओळीची सुरुवात’ या अर्थी येते. मी ती आबाजींच्या तळहातावर बोटाने काढून दाखवली, तेव्हा ते एकदम म्हणाले, “हे त हंसपद!” मुद्रितशोधनात गळालेले अक्षर जिथे घालायचे तिथे ओळीखाली करतात तीच ही खूण. तिचे नाव वर्गात शिकले होते. पण ती पाहून कुणाचा आवाज असा बदललेला मी प्रथमच ऐकला.

साचा फसला. कारण ती पाने एका हाताने केलेली नव्हती. कुणी दुहेरी अवतरण वापरले होते, कुणी एकेरी, कुणी काहीच नाही. कुठे ‘एचरेफ’ मोठ्या लिपीत, कुठे लहान. कुठे दुवा एका ओळीत सुरू होऊन तिसऱ्या ओळीत संपत होता. उलट, कुणीतरी टिपण म्हणून झाकून ठेवलेले, पानावर नसलेले दुवे मात्र माझ्या साच्याने इमानेइतबारे उचलले. अक्षरांना अक्षरे जुळवून अर्थ लागत नाही, ही गोष्ट आम्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांना खरे म्हणजे आधीच माहीत असायला हवी होती!

दुसरी युक्ती साच्याची नव्हे, व्याकरणाची. पार्सर नावाची आज्ञावली पान वाचून त्याचे झाड उभे करते: पानात यादी, यादीत कलम, कलमात दुवा, दुव्यात शब्द. आपण वाक्यपृथक्करण करतो ना, कर्ता निराळा, कर्म निराळे, तसेच. मग झाडाला विचारायचे, ‘तुझ्या अंगावरचे सगळे ए दाखव, आणि प्रत्येकाचे एचरेफ सांग.’ अवतरण एकेरी की दुहेरी, ओळ मोडली की नाही, याची उठाठेव तोच करतो. पायथनमध्ये असा एक पार्सर मुळातच असतो. शिवाय लेनर्ड रिचर्डसन यांनी २००४ साली केलेली ‘ब्यूटिफुल सूप’ ही आज्ञावली त्याच्या जोडीला घेता येते. हे नाव अ‍ॅलिसच्या गोष्टीतल्या एका गाण्यावरून आले आहे. गबाळ्या खुणांच्या पानाला इंग्रजीत ‘टॅग सूप’ म्हणतात. आपण खिचडी म्हणालो असतो.

पत्ते हाती आले, पण निम्मे अर्धवट. ‘../१९७२/मे-२’ म्हणजे ‘एक जिना खाली उतर, मग १९७२ च्या खोलीत जा’. कुठून उतरायचे ते लिहिलेलेच नाही! सीताबर्डीवर कुणाला पत्ता विचारला की ‘इथून सरळ जा, मग डावीकडे’ असे सांगतात. ते ‘इथून’ नसेल तर सगळेच व्यर्थ. आपल्या झीरो माइलच्या दगडावर हैदराबाद, जबलपूर, शिवनी अशी गावे आणि त्यांची अंतरे कोरलेली आहेत. ती अंतरे खरी आहेत ती दगड तिथे उभा आहे म्हणून. तो उचलून अंबाझरीला नेला तर सगळे आकडे खोटे. तसा प्रत्येक अर्धवट पत्ता तो ज्या पानावर सापडला त्या पानाच्या पत्त्याशी जोडून पूर्ण करावा लागतो. हे ध्यानात यायला मला आठवडा लागला.

काही पत्त्यांत मराठी शब्द होते आणि ते ओळखू येत नव्हते. नुसती टक्क्यांची चिन्हे आणि मधे रोमन अक्षरे-आकडे. दादाने उलगडा केला. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे अशा तिघांनी लिहितात. ‘नागपूर’ या शब्दात न, काना, ग, प, दीर्घ उकार आणि र अशी सहा चिन्हे. सहा नवे चोपन्न! आपल्या गावाचे नाव लिहायला चोपन्न अक्षरे! आबाजींना त्यात नवल वाटले नाही. “काना आमच्याकडेबी वेगळाच खिळा होता,” ते म्हणाले.

इथे एक अपराध कबूल करायचा आहे. पहिल्या रात्री मी आज्ञावली मोकाट सोडली. तिने क्षणाचीही उसंत न घेता पानामागून पान मागितले. थोड्या वेळात संकेतस्थळ उत्तर देईनासे झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंदच राहिले. बंद पडायला आलेल्या म्हाताऱ्या यंत्राला मी धाप लागेपर्यंत पळवले होते. दुसरे कुणी वाचक त्या रात्री आले असतील तर ते माझ्यामुळे परत गेले. मग मी शिकले की, अशा आगंतुकांनी कुठे जावे आणि कुठे जाऊ नये, हे सांगणारी एक फाइल संकेतस्थळाच्या दाराशी ठेवण्याचा रिवाज १९९४ पासून आहे. ती वाचली, मला जायचे होते तिथे मनाई नव्हती. संस्थेला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. त्यानंतर प्रत्येक पानामागे पाच सेकंद थांबायची आज्ञा मी घातली. रात्रभर ते काम चाले, आणि मी ‘भाषाविज्ञाना’ची टिपणे काढत बसे.

सकाळी यादी तयार होती. डाव्या रकान्यात पत्ता, उजव्या रकान्यात नाव. मी ती आमच्या सरांना जरा संकोचानेच दाखवली, म्हटले, “सर, नुसती यादीच आहे.” सर म्हणाले, “नुसती? केतकरांनी १९१६ साली ज्ञानकोशाचे काम याच नागपुरात सुरू केले. पुढे ते पुण्याला गेले. तेवीस खंड झाले, त्यांतला एक अख्खा खंड सूचीचा आहे. तो कशाला केला असेल?” मी घरी येताना मान थोडी वर करून आले.

यादीत उजवा रकाना रिकामा असलेल्या काही ओळी होत्या. दुवा आहे, नाव नाही. बहुतेक ठिकाणी नावाऐवजी बाणाचे किंवा घराचे चित्र असते, त्यांचा उपयोग नसतो. मी एक आज्ञा घातली, ‘नाव नसेल ती ओळ गाळ.’ यादी स्वच्छ झाली. रात्री आबाजींना सांगत होते तेव्हा ‘गाळल्या’ हा शब्द तोंडातून गेला आणि मी थांबले.

“मोजल्या काय किती गाळल्या?” आबाजींनी विचारले.

मोजल्या नव्हत्या. मोजल्या. सदतीस होत्या. एकेक उघडून पाहिली. छत्तीस खरोखरच बाण आणि घरे. सदतिसावी मे १९७२ च्या अंकातली होती. तिच्यात चित्र नव्हते, शब्दही नव्हते. ज्या कुणी ती अनुक्रमणिका टंकलिखित केली, त्याने दुवा घातला आणि नाव लिहायचे राहून गेले. नाव नाही म्हणून पानावर ते कुणालाच दिसत नव्हते. मी तो अंक डोळ्यांनी चाळला तेव्हा मलाही दिसले नव्हते. पत्ता होता, दार नव्हते.

मी पत्ता उघडला. अर्ध्या पानाचे, बारीक टाइपातले शुद्धिपत्र होते. चार चुका. तिसरी अशी: मार्चच्या अंकातील पृष्ठ ३७ वरील सुनीतात नवव्या ओळीनंतर पुढील ओळ वाचावी. आणि खाली ती ओळ.

ती मी इथे लिहिणार नाही. ती त्या कवींची आहे आणि आबाजींनी तिचे मोल दिले आहे. मी ती वाचली. आबाजी खाटेवर सरळ होऊन बसले. “पुन्हा वाच,” म्हणाले. मी पुन्हा वाचली. तिसऱ्या वेळी माझ्याबरोबर त्यांचेही ओठ हलले. चूक कुणाची, छापखान्याची की आणखी कुणाची, याबद्दल शुद्धिपत्रात एक अक्षर नव्हते. मला वाटले आबाजी ते विचारतील. त्यांनी विचारले नाही. त्यांनी विचारले ते एवढेच, “कोणी जुळवलं असंल हे? जागा बरोबर सोडल्या काय?” मी म्हटले, “बरोबर सोडल्या आहेत, आबाजी.” मग म्हणाले, “म्हंजे छापली होती त. पन्नास वर्षं झाली, छापली होती. म्याच अंक उघडला नाही.”

आणि त्यांनी ती कविता पहिल्यापासून म्हटली. नवव्या ओळीनंतर ते थांबले नाहीत.

मार्च संपला तसे ते संकेतस्थळ बंद झाले. अंक आमच्या घरी आहेत, यादीही आहे. आमच्या ग्रंथालयाला हवी असेल तर मी आनंदाने देईन, मात्र रिकाम्या रकान्यांसकट. त्या मे महिन्याच्या ओळीपुढे मी माझ्या हाताने ‘शुद्धिपत्र’ असे नाव लिहिले आहे.

परीक्षा तोंडावर आहे. रोज संध्याकाळी कूलरच्या घरघरीत मी आबाजींना एक लेख वाचून दाखवते. परवा एका कवितेनंतर ते गप्प राहिले. मी विचारले, “आवडली नाही?”

“आवडली,” ते म्हणाले. “ओळी मोजून राहिलो होतो.”